सहा हजारांचं तिकीट आणि शंभराचा स्टॅम्प

गाणी लिहिणारी पोरं हल्ली मला दोन प्रश्न हमखास विचारतात. "दादा, मुंबईतल्या त्या म्युझिक कॉन्फरन्सला जाऊ का?" आणि "गेलो तर काम मिळतं का?" दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. नाही मिळत. निदान मला तरी नाही मिळालं. पहिल्याचं उत्तर "जा" असंच आहे, पण ते सांगायला जरा वेळ लागेल. ज्या कामासाठी मी गेलो होतो ते झालंच नाही, आणि जे कळलं ते दहा वर्षं आधी कळायला हवं होतं.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत इन्स्पेक्शनला आहे. शिफ्ट सुटल्यावर गाणी लिहितो. मंडळांची, जोतिबाची, निवडणूक लागली की प्रचाराची, आणि मधूनच एखादं स्वतःच्या मनातलं. असं काम करणारे कोल्हापुरात किती आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. एका गल्लीत दोन पैलवान निघाले तर तीन गीतकार निघतात. रेट काय चाललाय तेही तुम्हाला माहीत असणार, त्यात शिरत नाही.

जातोय म्हटल्यावर आमचे मास्तर, ज्यांच्याकडे मी पेटी शिकलो, म्हणाले, "खेबूडकर कुठल्या कॉन्फरन्सला गेले होते रे?" हे वाक्य तुम्हालाही कुणीतरी ऐकवेल, म्हणून त्याचं उत्तर इथेच देऊन ठेवतो. जगदीश खेबूडकर मास्तरकी सांभाळून गाणी लिहायचे, हे खरं. पण तेव्हा सिनेमाच या गावात होता. जयप्रभा स्टुडिओत कॅमेरे फिरत होते. निर्माता, संगीतकार आणि गीतकार एका चहाच्या अंतरावर होते. आज गाण्याचं काय करायचं ते ठरवणारी माणसं अंधेरीत बसतात आणि आपण रंकाळ्यावर. मास्तरांना हे तोंडावर बोललो नाही. नुसतं "बघून येतो" म्हणालो.

तयारी जोरात केली आणि सगळी चुकीची केली. पन्नास व्हिजिटिंग कार्डं छापली, मागे क्यूआर कोड. पेनड्राइव्हवर अकरा गाणी. नवा शर्ट. तिकीट सहा हजारांचं, तेही लवकर काढलं म्हणून. रात्रीची महालक्ष्मी पकडली, कल्याणला उतरून डोंबिवलीत मावसभावाकडे अंघोळ केली आणि पवईच्या त्या हॉटेलात नऊ वाजता हजर. गळ्यात अडकवायला पट्टा मिळाला, त्यावर माझं नाव आणि खाली "सॉन्गरायटर". खोटं कशाला बोलू, तो पट्टा बघून छाती फुगली.

अकरा वाजेपर्यंत फुगा बसला. तिथे सगळेच कार्डं वाटत होते. मी ज्याला कार्ड द्यायचो तो मला कार्ड द्यायचा. एका मोठ्या संगीतकाराभोवती फोटोसाठी चाळीस माणसं होती, एकेचाळिसावा मी. फोटो मिळाला. त्या फोटोचा आजवर एकच उपयोग झाला, तो म्हणजे आईने तो तिच्या भिशीच्या ग्रुपवर टाकला. तुम्ही फोटोच्या रांगेत उभे राहणार असाल तर राहा, पण पाऊण तास जातो, आणि तेवढ्या वेळात शेजारच्या खोलीत कामाचं काहीतरी चाललेलं असतं.

मोठ्या हॉलमधल्या चर्चा मी भराभर उरकतो. अल्गोरिदम, रील, एआय. कुणीतरी म्हणतं संगीताचं भविष्य उज्ज्वल आहे, दुसरा म्हणतो आव्हानं आहेत, मग टाळ्या. पंजाबी आणि भोजपुरीवाल्यांनी बाजार कसा बांधला ते ऐकण्यासारखं होतं. मराठीचा उल्लेख एका स्लाइडवर आला आणि गेला.

गाणं ऐकवायचं एक सत्र होतं. भांड्यातून चिठ्ठ्या काढायच्या, नाव निघालं तर दीड मिनिट वाजवायचं, मग समोरचे तिघे बोलणार. माझी चिठ्ठी निघाली. माझ्या गाण्यात सुरुवातीला चाळीस सेकंद नुसता धनगरी ढोल आहे. आपल्याकडे त्यावर माणूस नाचायला लागतो. तिथे समोरच्या बाईंनी घड्याळ बघितलं. शब्द सुरू झाले, मुखडा संपता संपता वेळ संपली. "बीट चांगला आहे, गाणं कळलं नाही," असं म्हणाल्या. मला राग आला, आणि तो राग दोन दिवस टिकला. पण बाई बरोबर होत्या. गीतकार म्हणून ऐकवायला गेला असाल तर शब्द पंधराव्या सेकंदाला कानावर पडले पाहिजेत. तेवढ्यासाठी वेगळी फाइल करून न्या. ढोल मिरवणुकीसाठी ठेवा.

आता ज्यासाठी एवढं लिहितोय ते. दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला, जेवण अंगावर आलेलं असताना, एका छोट्या खोलीत कॉपीराइटचं सत्र होतं. चौदा माणसं मोजली मी. त्यातले दोघे झोपलेले. मी तरी कशाला गेलो? एसी चांगला होता म्हणून. वकील बाई होत्या, मराठी येत होतं त्यांना. त्यांनी फळ्यावर तीन चौकोन काढले. एकात शब्द, एकात चाल, एकात ध्वनिमुद्रण. म्हणाल्या, तुम्ही याला एक गाणं म्हणता, कायदा याला तीन मालमत्ता म्हणतो. शब्द ही साहित्यकृती. चाल ही संगीतकृती, आणि तिच्या व्याख्येतून शब्द स्पष्टपणे वगळलेले आहेत. ध्वनिमुद्रण तिसरं, त्याचा मालक म्हणजे सहसा ज्याने पैसा घालून ते करून घेतलं तो. शब्दांवरचा आणि चालीवरचा हक्क लिहिणाऱ्याच्या हयातीत राहतो आणि मेल्यावर आणखी ६० वर्षं. नोंदणी केली नाही तरी राहतो, कागदावर उतरल्या क्षणापासून.

हे तुम्हाला ऐकून माहीत असेल. मलाही ऐकून माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि डोक्यात घुसणं वेगळं. माझ्या डोक्यात ते घुसलं फाउंड्रीमुळे, म्हणून तसंच सांगतो, जरा लांबेल.

आमच्याकडे गिऱ्हाईक पॅटर्न आणून देतं. लाकडाचा असेल, ॲल्युमिनियमचा असेल. त्यावरून आम्ही वाळूचा साचा घेतो, रस ओततो, कास्टिंग बाहेर पडतं. पॅटर्न गिऱ्हाइकाचा. आमच्या स्टोअरला तो फक्त ठेवलेला असतो, त्यावर नंबर असतो, रजिस्टरला नोंद असते. एका पॅटर्नवरून शंभर कास्टिंग काढा की हजार. उद्या गिऱ्हाइकाने पॅटर्न उचलून दुसऱ्या फाउंड्रीत नेला तर आमचा मालक त्याला अडवू शकत नाही. शब्द आणि चाल म्हणजे पॅटर्न. ध्वनिमुद्रण म्हणजे एक कास्टिंग. तेच गाणं दुसऱ्या गायकाने गायलं, दुसरं कास्टिंग. कुणी गिटारवर संथ करून गायलं, तिसरं. कास्टिंग विकल्याचा पैसा एका वाटेने येतो आणि पॅटर्न वापरल्याचा दुसऱ्या वाटेने. पहिल्या वाटेवर उभं राहून दुसऱ्या वाटेच्या गाडीची वाट बघत बसलं तर ती येणार कशी?

मी तेच करत होतो. माझं एक गाणं मी स्वतःच्या खर्चाने रेकॉर्ड करून ऑनलाइन डिस्ट्रिब्युटरमार्फत सगळीकडे टाकलं होतं. वर्षाला चारशे बारा रुपये आले. मला वाटलं, गाण्याची किंमतच तेवढी. बाईंनी विचारलं, "हे कशाचे पैसे?" मी म्हणालो, गाण्याचे. त्या म्हणाल्या, "नाही, रेकॉर्डिंगचे. गीतकार म्हणून तुमची नोंद कुठे आहे?" कुठेच नव्हती. दिवसभर दुसऱ्याच्या पॅटर्नच्या नोंदी तपासणारा माणूस मी, आणि माझा स्वतःचा पॅटर्न कुठल्याच रजिस्टरला नाही!

ती नोंद होते आयपीआरएसकडे, म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी. १९६९ सालची संस्था आहे, गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक तिचे सभासद. टीव्ही, रेडिओ, ऑनलाइन मंच, हॉटेलं, कार्यक्रम यांच्याकडून शब्द आणि चाल वापरल्याचे पैसे गोळा करून ती वाटते. सभासद व्हायचं, आणि मग एकेक गाणं कळवायचं. यातला दुसरा भाग लोक विसरतात. नुसतं सभासद होऊन बसलात तर तुमची गाणी कुठली ते त्यांना स्वप्नात दिसणार नाही.

आता शंभराचा स्टॅम्प. २०२१ साली मी आणि माझ्या चाल लावणाऱ्या मित्राने जोतिबाचं एक गाणं एका चॅनेलवाल्याला दिलं. नाव घेत नाही. दोघांत मिळून सात हजार. चैत्र यात्रेच्या तोंडावर घाई होती, त्याने शंभराच्या स्टॅम्पवर मजकूर टाइप करून आणला होता आणि आम्ही गाडीच्या बॉनेटवर सह्या केल्या. "सर्व हक्क, कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात, सध्याच्या व भविष्यात येणाऱ्या सर्व माध्यमांत." आम्ही हसलो होतो त्यावर. मंगळावर सासनकाठी नाचवली तरी हक्क यांचाच! पुढच्या यात्रेत ते गाणं वाडी रत्नागिरीच्या, म्हणजे जोतिबाच्या डोंगराच्या, वाटेवर प्रत्येक दुसऱ्या दुकानात वाजत होतं, आणि मी गुलालात उभा राहून बायकोला सांगत होतो, "हे माझं." ती म्हणाली, "मग पैसे?"

तो कागद माझ्या फोनमध्ये होता. सत्रानंतर बाईंना दाखवला. वाटलं होतं त्या कपाळावर हात मारून घेतील. त्यांनी शांतपणे वाचला आणि म्हणाल्या, गाणं दिलंय ते दिलंय, चॅनेल ते वापरणार. पण २०१२ साली कायदा बदललाय. गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतला बरोबरीचा हिस्सा असा लिहून सोडून देताच येत नाही. तो वारसांना देता येतो किंवा वसुलीसाठी आयपीआरएससारख्या सोसायटीला, बाकी कुणाला नाही. उलट लिहिलं असेल तर तेवढा भाग रद्द. सिनेमाच्या गाण्याला एक अपवाद आहे, थिएटरात सिनेमासोबत वाजतं त्याचा. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते आणि त्यांनी हा मुद्दा लावून धरला होता, हेही त्यांनी सांगितलं.

म्हणजे सही केली म्हणून सगळं गेलं असं नाही. हे वाचणाऱ्यांत माझ्यासारखे बॉनेटवर सह्या केलेले बरेच असणार, त्यांनी जरा श्वास घ्या. आणि लगेच उड्याही मारू नका. हक्क असणं आणि पैसा हातात येणं यात पुणे-कोल्हापूर एवढं अंतर आहे, तेही रस्त्याचं काम चालू असताना. मागचं सगळं वसूल होईल असं धरून कर्ज काढू नका.

पुढच्या कागदासाठी मात्र एक गोष्ट गाठीला बांधा. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत धरतो. म्हणजे आम्ही ज्या "कायमस्वरूपी" आणि "विश्वात" या शब्दांवर हसलो, तेच दोन शब्द आम्हाला महाग पडले. समोरचा ते हौसेने लिहीत नाही. तिथे पेन लावा आणि म्हणा, पाच वर्षं लिहू या. तो नाही म्हणेल. मग सात म्हणा. पण काहीतरी म्हणा. आम्ही तेवढंही म्हणालो नाही, कारण आम्हाला वाटलं विचारलं तर काम जाईल. दुसऱ्याला जाईल हे खरंच होतं. तो धोका आहे, मी तो नाही असं सांगणार नाही.

त्याच सत्रात मी विचारलं की मिरवणुकीतल्या डॉल्बीवर माझं गाणं वाजलं तर मला काय मिळतं. झोपलेले दोघेही जागे होऊन हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना कायद्यानेच सूट आहे, खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीलाही आहे. पण तिकीट लावून ऑर्केस्ट्रा असेल, हॉटेलात वाजत असेल, तर परवाना लागतो. मला पैसे मिळाले नाहीत, पण इतकी वर्षं ज्या गोष्टीवर कट्ट्यावर भांडलो तिचं उत्तर दोन मिनिटांत मिळालं. म्हणून सांगतो, खुळ्यासारखा वाटणारा प्रश्न विचारा. मराठीत विचारा. मी इंग्रजीला एवढा घाबरून गेलो होतो की पहिल्या दिवशी पाणीसुद्धा खुणेने मागितलं. तिथल्या निम्म्या लोकांची इंग्रजी आपल्यासारखीच कडेकडेने चाललेली असते.

आणखी एक, नंबरांचं. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी नंबर असतो, तो बहुतेक वेळा डिस्ट्रिब्युटरच देतो. गाण्याला, म्हणजे पॅटर्नला, वेगळा नंबर असतो, आयएसडब्ल्यूसी. आमच्याकडे कास्टिंगवर हीट नंबर, म्हणजे ते कुठल्या ओतातलं ते सांगणारा नंबर, नसेल तर माल कितीही चांगला असो, रिजेक्ट. इथेही तेच. आणि नाव. माझं नाव एका गाण्यावर वडिलांच्या नावासकट, एकावर नुसतं आडनाव, एकावर स्पेलिंगच वेगळं. तिन्ही माणसं वेगळी समजली जाण्याची शक्यता. पॅनवर जसं आहे तसं एकदा ठरवा आणि तेच सगळीकडे.

शॉर्टकटबद्दल माझी मतं कडू आहेत, पटली नाहीत तर सोडा. ९९९ रुपयांत गीतकार बनवणारे जे ऑनलाइन गुरू आहेत, त्यांच्यातल्या एकाचा वर्ग मी केलाय. यमकं शिकवली. यमकं मला तशीही येतात. कागद कसा वाचायचा ते एका शब्दाने सांगितलं नाही. "आधी फुकट लिही, नाव होऊ दे" म्हणणारे तर त्याहून वाईट, कारण ते आपलेच असतात, प्रेमाने म्हणतात. आणि एआयकडून मुखडा काढून त्यावर स्वतःचं नाव घालणाऱ्यांना काय सांगू, त्यातला "चांगभलं" सुद्धा पुण्याहून आल्यासारखा वाटतो.

चांगला मार्गदर्शक कोण, तर ज्याने स्वतः वाईट सही केलीय आणि ती लपवत नाही तो. मला तिथे जेवणाच्या रांगेत असा एक भेटला, जाहिरातींची जिंगल लिहिणारा, पन्नाशीतला. ताटात डाळ वाढून घेता घेता त्याने मला वाटणीचा कागद कसा करायचा ते सांगितलं. एका पानावर गाण्याचं नाव, तारीख, शब्द कुणाचे, चाल कुणाची, टक्के किती, पॅनवरची नावं, सह्या. रेकॉर्डिंगच्या आधी. "गाणं चाललं की मग आठवणी बदलतात," एवढं बोलला आणि पापड आणायला गेला. माझ्या सहा हजारांतले पाच त्या रांगेत वसूल झाले.

परत येऊन मी तो कागद मित्रापुढे ठेवला, मिरजकर तिकटीला चहा पिताना. तो कागदाकडे बघत राहिला. "आता आपल्यात पण कागद व्हय रं?" आठ दिवस फोन उचलला नाही. ही गोष्ट कुठल्याच सत्रात सांगत नाहीत, की पहिला कागद परक्याबरोबर नाही, जिवाभावाच्या माणसाबरोबर करायचा असतो आणि तो अवघड जातो. माझी चूक ही झाली की मी कागद भरून नेला होता, टक्क्यांसकट. कोरा न्यायला हवा होता. नवव्या दिवशी तो स्वतः आला, आणि पन्नास-पन्नासच्या जागी पन्नास-पन्नासच लिहिलं, पण त्याच्या हाताने.

आम्ही दोघेही सभासद झालो, गाणी कळवली. पहिली रक्कम जमा झाली त्यात दोघांची मिसळ झाली असती, जादा पाव घेतला नसता तर. पण बँकेच्या मेसेजमध्ये ती गीतकार म्हणून आली होती. मी तो मेसेज डिलीट केलेला नाही.

मागच्या आठवड्यात मास्तर घरी आले. कॉन्फरन्सचं काही बोलले नाहीत. चहा झाला, पाऊस झाला, गुडघे झाले. उठताना म्हणाले, "ते तुझं फॉर्मचं काय ते, चालींचं पण चालतं काय रे?" त्यांनी ऐंशी-नव्वदच्या दशकात कॅसेट कंपन्यांना भजनांच्या किती चाली दिल्या त्याचा त्यांनाही हिशेब नाही. शनिवारी बसायचं ठरलंय. त्यांनी माळ्यावरून कॅसेटांचा खोका काढून ठेवलाय, मी जाऊन बघून आलो. गायकाचा फोटो आहे, कंपनीचा पत्ता आहे, किंमत पंचवीस रुपये आहे. मास्तरांचं नाव अजून एकाच कव्हरवर सापडलंय, तेही चुकीच्या आडनावाने.